नव्या बिहेवियर टेक्निशियनने पहिल्या दिवसापासून काय करावं

ऑटिस्टिक मुलाच्या घरी जाऊन शिकवण्याचं सेशन घ्यायचं असेल तर दार उघडताच पहिला प्रश्न चहाचा येतो आणि दुसरा, "ताई, हा बोलायला कधी लागेल?" चहाचं काय करायचं ते तुमच्या संस्थेचा नियम सांगेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमच्याकडे नाही, आणि ते देणं तुमचं कामही नाही. मुलाचं मूल्यमापन करणं, उद्दिष्टं ठरवणं, योजना लिहिणं आणि बदलणं हे तुमच्या सुपरवायझरकडे, म्हणजे बिहेवियर अ‍ॅनालिस्टकडे असतं. ती योजना मुलासोबत राबवणं आणि काय घडलं ते जसंच्या तसं नोंदवणं हे टेक्निशियनकडे. "याबद्दल मॅडमशी बोलू या, मी त्यांना आजच कळवते," हे वाक्य तयार ठेवा. औषध बंद करू का, गहू-दूध सोडू का, शाळा बदलू का, या सगळ्यांना तेच वाक्य. पालक काकुळतीला आलेले असतात, समोर तुम्ही असता आणि धीर द्यावासा वाटतो. पण "सहा महिन्यांत बोलेल बघा" असं बोलून गेलात तर सातव्या महिन्यात त्या घरात पाय टाकणं जड जातं.

उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे आपण ज्याला दिवसभर 'एबीए' म्हणतो ते, कोर्समध्ये व्याख्यांनी सुरू होतं. कामात ते पाहण्यानं सुरू होतं. बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघा संशोधकांनी १९६८ साली या शास्त्राची सात लक्षणं मांडली. त्यातली पहिलीच 'उपयोजित' ही आहे: जे वर्तन शिकवायचं किंवा बदलायचं, ते त्या माणसाच्या जगण्यात महत्त्वाचं असलं पाहिजे. मुलगा आनंदात हात फडफडवतो, त्यानं कुणाला इजा होत नाही, आणि पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही एवढीच तक्रार आहे. तर ते थांबवण्यात मुलाचं काय भलं आहे हा प्रश्न सुपरवायझरला जरूर विचारा. नवीन आहात म्हणून गप्प बसू नका.

पहिले काही दिवस: काहीच मागू नका

कार्डांचा गठ्ठा बॅगेतच राहू द्या. पहिल्या दिवसांचं काम एवढंच की तुम्ही आलात की मुलाला चांगलं काहीतरी घडतं असं वाटावं. याला पेअरिंग म्हणतात. मूल गाडीची चाकं फिरवत बसलं असेल तर शेजारी जमिनीवर बसा, दुसरी गाडी घ्या, चाक फिरवा. "हा रंग कोणता? हे काय आहे? सांग ना," असली परीक्षा घेऊ नका. मोठ्यांना लहान मुलाशी बोलायचं म्हणजे प्रश्नच विचारायचे असतात असं का वाटतं कोण जाणे. पेअरिंग जमतंय की नाही ते मूलच दाखवतं: तुम्ही आलात की ते आतल्या खोलीत पळतं की तुमच्या बॅगेकडे येतं?

याच दिवसांत मुलाला काय आवडतं ते शोधायचं. आईला विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. पाच-सात वस्तू समोर मांडा, एक निवडू द्या, थोडा वेळ खेळू द्या, ती बाजूला ठेवा, उरलेल्यांची जागा बदलून पुन्हा मांडा. निवडीचा क्रम लिहून ठेवा. हाच क्रम आठवड्यानं बदललेला असेल, म्हणून हे पुन्हा पुन्हा करायचं असतं.

इथे 'रिइन्फोर्सर' हा शब्द नीट समजून घ्या. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला प्रबलक म्हणतात. एखादी गोष्ट प्रबलक आहे की नाही हे ती वस्तू कशी आहे यावरून ठरत नाही, तिच्यामुळे पुढे ते वर्तन वाढलं का यावरून ठरतं. तुमचं "शाब्बास!" एका मुलाला हवंहवंसं वाटेल, दुसरा त्या चढ्या आवाजानं कान झाकेल. दुसऱ्या मुलासाठी ते प्रबलक नव्हे, कितीही मनापासून म्हटलंत तरी. खाऊ वापरायचा असेल तर पालकांना अ‍ॅलर्जीबद्दल विचारून, चुरमुऱ्याएवढा. शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांना नकोत, घशात अडकतात. आणि जेवून उठलेल्या मुलाला चुरमुऱ्यासाठी काम करावंसं वाटत नाही. त्यात मुलाचा दोष नाही, तुमची वेळ चुकली.

जे दिसतं तेच लिहा

वहीत 'आज खूप हट्ट केला' असं लिहिलंत की माझ्यासारखी सुपरवायझर ती ओळ खोडते. हट्ट म्हणजे काय? रडला? जमिनीवर लोळला? तुम्हाला चावला? 'मस्ती', 'चिडचिड', 'ऐकत नाही', 'मुद्दाम करतो' ही सगळी आपल्या मनातली मतं आहेत. वर्तनाची व्याख्या अशी हवी की त्या मुलाला कधी न पाहिलेली व्यक्ती खोलीत आली तरी तिनं तेच मोजावं जे तुम्ही मोजलंत. उदाहरणार्थ: 'फेकणे म्हणजे हातातली वस्तू हातभर किंवा त्याहून दूर जाईल अशी टाकणे, चेंडूचा खेळ चालू असताना टाकलेला चेंडू यात धरू नये.' काय धरायचं आणि काय धरायचं नाही, दोन्ही लिहिलेलं असतं.

ऑग्डन लिंड्स्ली या वर्तनशास्त्रज्ञाच्या नावानं एक जुनी कसोटी सांगतात: जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. 'शांत बसणे', 'न ओरडणे', 'न मारणे' हे सगळं मेलेला माणूस आपल्यापेक्षा चांगलं करतो. मग उद्दिष्ट काय लिहायचं? 'हात वर करून मदत मागणे', 'चित्र दाखवून सुट्टी मागणे'. कसोटी जरा अशुभ वाटते, पण विसरली जात नाही.

आधी काय, नंतर काय

आता एबीसी. आधी काय घडलं, वर्तन काय, लगेच नंतर काय घडलं, असे तीन रकाने. एक नोंद बघा.

आधी: टेबलावर चित्रांची कार्डं, ताईनं "बस दाखव" म्हटलं. त्याच सुमारास स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. वर्तन: मुलगा किंचाळला, दोन्ही हात कानांवर, कोपरानं कार्डं ढकलली. नंतर: ताईनं कार्डं गोळा केली, काम थांबलं, आईनं येऊन जवळ घेतलं आणि मोबाइल दिला.

आता सांगा, मुलगा का किंचाळला? वर्तनामागचं कारण शोधताना साधारण चार शक्यता तपासतात: कुणाचं लक्ष मिळतं, नकोशा गोष्टीतून सुटका होते, हवी ती वस्तू मिळते, किंवा त्या कृतीतूनच शरीराला काही मिळतं. या एका नोंदीत लक्षही मिळालं, कामातून सुटकाही झाली, मोबाइलही मिळाला आणि शिट्टीचा त्रास तर होताच. एका नोंदीवरून जो ठामपणे कारण सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो बारा वर्षं या क्षेत्रात असला तरी.

मग आठवडाभराच्या नोंदी काढा. मंगळवारी कुकर सेशन संपल्यावर लागला. तीच कार्डं, तीच ताई, किंचाळणं नाही. गुरुवारी कार्डं नव्हती, मुलगा एकटाच ठोकळे खेळत होता, शिट्टी झाली आणि किंचाळला. शुक्रवारी आई बाहेर गेलेली, मोबाइल मिळण्याची शक्यता नाही, शेजारच्या घरातली शिट्टी ऐकू आली, पुन्हा किंचाळला. आता बोट एका दिशेनं वळायला लागतं. म्हणूनच 'आधी' या रकान्यात फक्त 'सूचना दिली' एवढं लिहून चालत नाही. खोलीत कोण होतं, कुठला आवाज होता, पंखा बंद पडला होता का, काल रात्री झोप झाली होती का, हे लिहावं लागतं. कारण काय असावं हा तर्क सुपरवायझरला जरूर सांगा. तो तपासण्यासाठी मुद्दाम परिस्थिती घडवणं मात्र त्यांचं काम आहे, तुमचं नाही.

किंचाळणं तेच, पण कारण बदललं की उपाय पूर्ण बदलतो. शिट्टीमुळे असेल तर कुकरची वेळ बदलणं, कानांवर हेडफोन, आणि 'आवाज नको' हे सांगायला शिकवणं. कार्डांमुळे असेल तर काम सोपं करणं आणि 'थांबू या' म्हणायला शिकवणं. मोबाइलसाठी असेल तर मोबाइल मागायची दुसरी पद्धत. तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे, जी कार आणि ड्युरंड या संशोधकांनी १९८५ साली दाखवली: त्रासदायक वर्तनानं जे मिळत होतं तेच मिळवून देणारा सोपा संवाद शिकवला की ते वर्तन कमी होतं.

इथेच परीक्षेतही आणि कामातही सगळ्यांचा गोंधळ होतो तो शब्द, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. ही शिक्षा नव्हे. मुलगा ओरडला, तुम्ही काम काढून घेतलं, आणि उद्यापासून ओरडणं वाढलं. नकोशी गोष्ट दूर झाल्यानं वर्तन वाढलं, म्हणजे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. हे मोठ्यांनाही लागू आहे. मोबाइल दिला की रडणं थांबतं, म्हणून आई पुढच्या वेळी अधिक लवकर मोबाइल देते. मुलानं आईला शिकवलं म्हणा ना! आईला दोष देण्याआधी हे आठवा. पंधरा दिवसांत तुम्हीही त्याच जाळ्यात असाल.

मोजणं

किती वेळा, किती वेळ, सूचनेनंतर किती सेकंदांनी, हे तीन प्रश्न बहुतेक कामाला पुरतात. कोणता वापरायचा ते योजनेत लिहिलेलं असतं. ४५ मिनिटांत ९ वेळा फेकलं तर तासाला १२ असा दर निघतो. काल सेशन दीड तासाचं असेल आणि त्यात १५ वेळा फेकलं असेल तर नुसते ९ आणि १५ हे आकडे शेजारी मांडून काही कळत नाही, दर काढूनच तुलना करायची. १५ म्हणजे तासाला १०. आकडा मोठा दिसतो, प्रत्यक्षात आजच जास्त वेळा फेकलं.

काही वर्तनं मोजता येत नाहीत इतकी भराभर होतात, तेव्हा वेळेचे तुकडे पाडतात. १० सेकंदांच्या तुकड्यात एकदा जरी झालं तरी खूण करायची, ही पद्धत खरं प्रमाण फुगवून दाखवते. पूर्ण तुकडाभर झालं तरच खूण, ही कमी दाखवते. योजनेत एक असेल आणि तुम्ही दुसरी वापरलीत तर आलेख मुलाबद्दल खोटं बोलेल.

मध्येच दुसरी व्यक्ती येऊन तुमच्यासोबत मोजेल. तुमचे ९ आणि तिचे १२ आले तर लहान आकडा भागिले मोठा, म्हणजे ७५ टक्के जुळणी. साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की व्याख्या पुन्हा बसून पाहतात. हा तुमच्यावर अविश्वास नाही. आणि एक विनंती: आकडे घडता घडता लिहा. घरी जाताना रिक्षात आठवून भरलेली शीट मला लगेच ओळखू येते. तिच्यात सगळे आकडे ७०, ८०, ७०, ८० असे गुळगुळीत असतात.

एक ट्रायल, नीट

ट्रायल म्हणजे शिकवण्याची एक फेरी: सूचना, थोडं थांबणं, मुलाचा प्रतिसाद, त्यावर तुमची कृती, छोटा विराम, मग पुढची सूचना. वाचायला एवढंच आहे. करताना काय होतं? "चेंडू दे. दे ना. देतोस का? दे की रे बाळा." चार सूचना झाल्या, चारही वेगळ्या. मूल शिकतं की पहिल्या तीन वेळा ऐकायची गरज नसते. एकदाच म्हणा, "चेंडू दे," आणि थांबा. तीन-चार सेकंदांची ती शांतता नव्या माणसाला असह्य होते; मनात अंक मोजा. "देतोस का?" हा तर प्रश्न आहे. त्याला "नाही" हे बरोबर उत्तर आहे, आणि ते आलं तर मान्य करावं लागेल.

प्रतिसाद आला नाही तर मदत, म्हणजे प्रॉम्प्ट. हात धरून, करून दाखवून, बोटानं खुणावून, वस्तू जवळ सरकवून. काही योजनांत जास्त मदतीपासून सुरुवात करून कमी करत जातात, काहींत उलट. कोणतीही असो, मदत काढून घ्यायची तयारी पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर मूल तुमच्या बोटाकडे, डोळ्यांकडे बघून उत्तर देतं. आपण बरोबर कार्डाकडे नकळत बघतो! शंका आली तर डोळे मुलावर ठेवून दहा ट्रायल घ्या आणि टक्के किती घसरतात ते पाहा. मदतीनं आलेलं उत्तर आणि स्वतःहून आलेलं उत्तर शीटवर वेगळ्या खुणेनं लिहायचं. दहांपैकी ७ स्वतःहून आणि ३ मदतीनं म्हणजे ७० टक्के, शंभर नव्हे.

कपडे घालणं, हात धुणं, तांब्यानं अंघोळ करणं अशा लांब कामांचे तुकडे करतात. टी-शर्ट घ्या. डोक्यातून घाला, हात बाहींतून काढा, पोटापर्यंत आणा, आणि शेवटचं खाली ओढणं तेवढं मुलावर सोडा. ते जमलं की त्याच्या आधीचा तुकडा सोडा. शेवटाकडून मागे येणाऱ्या या साखळीत मुलाला रोज काम पूर्ण केल्याचा आनंद मिळतो. लहान मुलांसाठी मला हीच पद्धत अधिक आवडते, पण योजनेत दुसरी असेल तर तिथे माझी आवड बाजूला. घरात आजी असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या, कारण तुम्ही चार सेकंद थांबाल आणि दोन सेकंदांत आजी शर्ट ओढून मोकळ्या होतील.

मागायला शिकवताना मराठीची गंमत

बोलणं शिकवताना सुरुवात बहुधा मागण्यापासून होते, त्याला मँड म्हणतात. पाणी हवं असतानाच 'पाणी' शिकवायचं. तहान नसताना चित्र दाखवून म्हणवून घेतलेलं 'पाणी' हे वेगळं कौशल्य आहे. शब्द येत नसेल तर हातवारे, चित्र, टॅब्लेट, काहीही चालतं. चित्रांमुळे बोलणं मागे पडेल अशी भीती पालकांना मनापासून वाटते. ती सुपरवायझरसमोर मांडू द्या.

आपल्या भाषेत दोन सापळे आहेत. "तुला पाणी पाहिजे?" असं विचारून लगेच पाणी दिलं की मूल पाणी हवं असताना येऊन म्हणतं, "तुला पाणी पाहिजे?" त्याच्या दृष्टीनं पाणी मिळवून देणारं वाक्य तेच आहे. म्हणून त्यानं जे म्हणायला हवं तेच, त्याच्या बाजूनं म्हणा: "पाणी पाहिजे." दुसरा सापळा लिंगाचा. आई, ताई, टीचर सगळ्या बायका, मुलगा ऐकतो तसं म्हणायला लागतो, "मी जाते, मी खाते." मुलग्यासाठी नमुना देताना "मी जातो" असाच द्या, स्वतःला कितीही विचित्र वाटलं तरी. आणि घरात मराठी, शाळेत इंग्रजी असेल तर सेशन कुठल्या भाषेत हे पहिल्या बैठकीतच ठरवून घ्या. ज्या भाषेत आजीकडे लाडू मागायचा, ती भाषा वगळण्याचं मला तरी कधी कारण दिसलं नाही.

अवघड वेळ

आजवर ज्या वर्तनानं काही मिळत होतं ते मिळणं बंद झालं की ते वर्तन कमी होण्याआधी अनेकदा वाढतं. रडणं किंचाळण्यावर जातं. या उसळीच्या टोकाला तुम्ही हात टेकलेत तर मूल शिकतं की आणखी जोरात ओरडायला हवं होतं. म्हणून दुर्लक्ष करण्याची योजना लेखी नसेल तर स्वतःहून सुरू करूच नका. डोकं आपटणं, चावणं, रस्त्यावर पळणं असेल तर आधी सुरक्षितता: टणक वस्तू दूर, उशी मध्ये, मोठ्यांना हाक. मुलाला धरून ठेवण्याचं प्रशिक्षण नसेल तर ते करायचं नाही. आणि शांत मूल अचानक कान किंवा गाल आपटायला लागलं तर वर्तनाची योजना शोधण्याआधी दात, कान, पोट डॉक्टरांना दाखवायला सांगा.

मूल नको म्हणतंय हेही ऐकायचं असतं. तोंड फिरवणं, खुर्ची सरकवणं, ढकलणं हा नकार आहे, शब्द नसले तरी. या शास्त्राला याचं ओझं आहे. मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा १९८७ चा गाजलेला अभ्यास, ज्यात १९ ऑटिस्टिक मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं गेलं आणि त्यातली ९ मुलं सर्वसाधारण शाळेत टिकल्याचं सांगितलं गेलं, त्यात जोरात "नो" म्हणणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणंही होतं. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक अशा उपचारांबद्दल कडवटपणे बोलतात. ते ऐका, टाळू नका. बळजबरीनं डोळ्यांत बघायला लावणारी योजना हातात आली तर प्रश्न विचारा.

वही बंद करण्याआधी

सेशनचं टिपण चार ओळींचं पुरतं. 'आज मूड खराब होता, आईनं लाडावून ठेवलंय' नव्हे. 'सेशन उशिरा सुरू, आईच्या सांगण्यानुसार रात्री ४ तास झोप. मागण्या १४, त्यातल्या ९ स्वतःहून. फेकणे ६ वेळा, त्यातले ५ लेखनाच्या कामात' असं.

मुलाचा फोटो तुमच्या स्टेटसवर नको, चेहरा झाकूनही नको. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी "तो मुलगा कसा आहे?" विचारलं तर हसून कितव्या मजल्यावर जायचंय तेवढं सांगा. हळदीकुंकवाचं बोलावणं, दिवाळीची साडी, "ताई, माझ्या भाचीलाही जरा बघा ना" हे प्रेमापोटी येतं. संस्थेचा नियम पहिल्याच आठवड्यात सांगून टाकला तर नंतर कुणी दुखावत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली तर मात्र गोपनीयता आड येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सुपरवायझरला त्याच दिवशी सांगा.

दाखल्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाचा (बीएसीबी) आरबीटी, म्हणजे 'रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन', हा दाखला २०१४ पासून आहे: ४० तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी, परीक्षा, आणि त्यानंतरही दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी निदान ५ टक्के देखरेख. भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज हे मंडळ १ जानेवारी २०२३ पासून घेत नाही, त्यामुळे 'आरबीटी मिळवून देतो' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. भारतातून काम करणारे दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या आयबीटी (इंटरनॅशनल बिहेवियर थेरपिस्ट) किंवा एबीएटी (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस टेक्निशियन) अशा दाखल्यांकडे वळतात. यातला कुठलाही दाखला म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी नव्हे. ती विशेष शिक्षक, वाचा-भाषा तज्ज्ञ वगैरेंना परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून मिळते.

शेवटी एक रकाना वहीत आजच आखा: 'कुठे, कुणासोबत.' सेंटरच्या नळावर हात धुणारं मूल घरी बादली-तांब्यापुढे नुसतं उभं राहतं, तुमच्याकडे "पाणी पाहिजे" म्हणणारं बाबांपुढे गप्प होतं. शिकवलं आणि आपोआप पसरेल अशी आशा करत बसलो, या प्रकाराला स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ मध्येच 'ट्रेन अँड होप' असं नाव दिलं होतं. म्हणून सेंटरमध्ये जमलं की लगेच दुसरा नळ, दुसरा साबण, बाबा, आजी, शाळेतल्या मावशी, असं एकेक करून बघायचं. प्रत्येक ठिकाणच्या खुणा वेगळ्या ओळीत.